जपानहून इंदूरला परतल्यावर: स्वच्छता नक्की कोणाचं काम?

मालवी_सांज
नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आम्ही घरचे सगळे जपानला जाऊन आलो. नवरा, सासूबाई, धाकटी लेक आणि मी. टोकियो, क्योटो, नारा, हिरोशिमा. प्रवासवर्णन लिहीत नाही, पण आल्यापासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसलाय, तो मांडते.

आपण इंदूरकर. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर पहिलं येतंय. कुठेही गेलो की आपण ते सांगतो, आणि सांगावंच. त्यामुळे जपानचे रस्ते स्वच्छ असणार हे गृहीतच होतं. नवल वाटलं ते कचऱ्याचा डबाच कुठे दिसेना याचं. आपल्या छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत चार पावलं टाकली की डबा. तिकडे आसाकुसाच्या देवळाजवळ लेकीने काडीला टोचलेले तांदळाचे गोळे खाल्ले आणि ती चिकट काडी हातात धरून आम्ही हिंडतोय. शेवटी सासूबाईंनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. मग पुढे सगळीकडे ती पिशवी आमच्याबरोबर. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी सार्वजनिक जागांवरचे डबे काढले गेले, आणि बरेचसे परत आलेच नाहीत. माणसं आपला कचरा खिशात, पर्समध्ये घालून घरी नेतात.

इथे आल्यावर सकाळी दारात गाडी आली, गाणं वाजलं, मी ओला-सुका टाकला, आणि पहिल्यांदाच त्या गाडीवरच्या मुलाकडे नीट पाहिलं. इंदूर चकाचक राहावं म्हणून रात्रभर माणसं राबतात. आपण घरात कचरा वेगळा करायला शिकलो, त्याचा मला खरोखर अभिमान आहे. पण आपलं काम दारापाशी संपतं. तिकडे ते कुठे संपत होतं तेच मला कळलं नाही. लेकीच्या वयाची मुलं शाळेत रोज आपला वर्ग आणि जिना स्वतः पुसतात.

तुम्हाला विचारायचंय: परदेशातून आल्यावर तुम्ही इथे काय बदललंत? किती टिकलं? घरच्यांनी, शेजाऱ्यांनी चालू दिलं का?

गराडू
ताई, प्रश्न गंभीर आहे, उत्तर देतोच. पण आधी एक सांगा, शाकाहारी माणूस तिथे जगतो का? डिसेंबरात जायचं ठरतंय आणि आईने आत्तापासून शेव भरायला घेतलीय.

मालवी_सांज
गराडू, जगतो, पण विचारून-विचारून. भाज्यांचं सूप म्हणून जे समोर येतं त्याचा मूळ रस्सा बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या कातरणाचा असतो. ताटात मासा दिसत नाही, म्हणून वाढणाऱ्यालाही त्यात काही सांगण्यासारखं वाटत नाही. बौद्ध मठांतलं जेवण शुद्ध शाकाहारी मिळतं. क्योटोत आम्ही जेवलो. तिळाचं एक पांढरं, मऊ, थरथरणारं पक्वान्न होतं, सासूबाईंनी ते दोनदा मागून घेतलं. दुकानांत आंबट आलुबुखाराचा भाताचा त्रिकोण मिळतो, त्यावर आम्ही दिवस काढले. शेव न्याच. भातावर घातली की इंदूर होतं.

रामबागकर
सांज, चांगला विषय काढलास. माझा अनुभव जर्मनीचा आहे. मुलाकडे म्युनिकला उन्हाळाभर राहिलो. तिथे पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पावती मिळते, ती दाखवून पैसे परत. त्यामुळे बाटली रस्त्यावर पडलीच तरी कोणीतरी उचलून नेतो. सवय संस्कारांतून येते हे खरं, पण तिला थोडा पैशाचा धाकही लागतो, असं माझं मत झालं.

दुसरं, रविवारची शांतता. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्या मोठ्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळखळाट होतो. हिला पहिल्यांदा ते जाचक वाटलं. परत आल्यावर मात्र आमच्याकडे रविवारी दुपारी दोन ते चार मिक्सर बंद असतो. चटणी सकाळी वाटून ठेवतो. हे टिकलंय.

चिमणबाग
मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, रागावू नका.

बाहेरून आलेला प्रत्येक माणूस पहिल्या महिन्यात स्वच्छता आणि शांततेबद्दल बोलतो. मी ओसाकाला कंपनीच्या कामासाठी राहिलोय. गाडीत शंभर माणसं आणि आवाज फक्त रुळांचा. फोन वाजत नाही, शेजारचा शेजाऱ्याकडे पाहत नाही. सुरुवातीला बरं वाटतं. नंतर मला त्या शांततेत गुदमरल्यासारखं व्हायचं. खोलीवर आलं की आईला फोन लावून नुसतं घरातलं बोलणं ऐकत बसायचो.

मागच्या वर्षी बाबा रात्री दोनला न्हाणीघरात पडले. मी आरडाओरडा केला तर गल्लीतले सगळे बाहेर. समोरचे गुप्ताजी बनियनवर गाडी काढून उभे, वरच्या मजल्यावरच्या काकू आईजवळ बसल्या, कोणीतरी इस्पितळात आमच्या आधी पोहोचलं होतं. हे मला कचऱ्याच्या डब्यापेक्षा मोठं वाटतं. जपानात माणसं घरात एकटी मरतात आणि कित्येक दिवस कळत नाही, अशा बातम्या तिथलेच लोक छापतात. तेव्हा तिथून काय आणायचं ते जपून ठरवा.

तिसरी_घंटा
चिमणबाग, बाबा आता बरे आहेत ना?
आणि शांतता काही ठिकाणी मला हवीच आहे हो. परवा नाटकात ऐन प्रसंगाला मागच्या रांगेत भजनाची रिंगटोन वाजली आणि बाईंनी फोन उचलून "नाटकात आहे, बोल" म्हणून पुढे पाच मिनिटं स्वयंपाकाच्या सूचना दिल्या. रंगमंचावरचा नट थांबून राहिला.

चिमणबाग
घंटा, बाबा बरे आहेत, काठी घेऊन चालतात. नाटकाबाबत तुमच्याशी सहमत!

योकोहामा_डायरी
धागा वाचून राहवलं नाही. मी मूळची इंदूरच्या राजेंद्र नगरची, लग्नानंतर इथे जपानात. चिमणबागदादा, तुम्ही म्हणता ते एकटेपण खरं आहे. इथे शंभरातली एकोणतीस-तीस माणसं ६५ च्या वरची आहेत. आमच्या इमारतीतच चार घरं एकट्या आज्यांची.

पण माझ्या शेजाऱ्यांशी माझी ओळख झाली ती कचऱ्यामुळेच. आमच्या गल्लीत कचरा ठेवायची एक जागा आहे, वर कावळ्यांसाठी निळी जाळी. वार ठरलेले: जळणारा वेगळ्या दिवशी, प्लास्टिक वेगळ्या, डबे-बाटल्या वेगळ्या. सकाळी आठच्या आत. चुकीचं काही ठेवलं तर गाडी ते नेत नाही, वर स्टिकर लावून तिथेच सोडते, आणि मग सगळ्या गल्लीला दिसत राहतं. ती जागा धुवायची पाळी घराघरांनी वाटून घेतलेली असते. पहिलं वर्षभर मला लिफ्टमधल्या मान डोलावण्यापलीकडे कोणी बोललं नव्हतं. माझी पाळी आली त्या आठवड्यात शेजारची आजी खाली आली, झाडू कसा उभा धरायचा ते दाखवलं, जाळी घडी करून दिली. दुसऱ्या दिवशी दाराच्या मुठीला पिशवीत मुळा अडकवलेला. त्यानंतर ती मला बागेत सकाळच्या कवायतीला घेऊन गेली. रेडिओवर साडेसहाला पियानोच्या तालावर व्यायाम लागतो, १९२८ पासूनची प्रथा आहे, आणि सगळे म्हातारे-म्हाताऱ्या हात वर करून उभे. एखादी दोन दिवस आली नाही की कोणीतरी तिच्या घरी जाऊन बेल वाजवतं.

तेव्हा सांजताईच्या प्रश्नाला माझं उत्तर: ती पाळी नसती तर मला इथे कोणीच ओळखत नसतं.

प्रश्नचिन्ह
मस्त लिहिलंय. पण जपान्यांच्या रक्तातच आहे ते. आपल्याकडे नाही व्हायचं.

योकोहामा_डायरी
प्रश्नचिन्ह, रक्तात काही नाही हो. १९६४ च्या ऑलिंपिकच्या आधी टोकियो चांगलंच घाण होतं, सुमिदा नदीची दुर्गंधी येत असे. स्पर्धेसाठी पाहुणे येणार म्हणून शहरभर मोहिमा काढल्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या बादल्या आणि ठरलेल्या दिवशी कचरा उचलणं तेव्हा रुजलं.

त्यानंतरचं भांडण तर आपल्या लोकांनी ऐकण्यासारखं आहे. शहराचा बहुतेक कचरा ट्रकमधून कोतो नावाच्या भागातून समुद्रात भर घालायला जायचा. तिथल्या लोकांच्या वाट्याला वास, गळती आणि १९६५ मध्ये तर माश्यांचा असा सुळसुळाट की लष्कर आणून कचऱ्याचा डोंगर जाळावा लागला. आणि सुगिनामी नावाचा सुखवस्तू भाग आपल्याकडे कचरा जाळायचा कारखाना होऊ देईना. १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे यांनी विधानसभेत "कचरा युद्ध" जाहीर केलं. १९७३ मध्ये कोतोच्या लोकांनी सुगिनामीचे ट्रक रस्त्यातच अडवले: तुमचा कचरा तुमच्याकडे ठेवा. शेवटी सुगिनामीत कारखाना झाला, तो १९८२ मध्ये बांधून पूर्ण झाला. आमच्या योकोहामाने २००३ मध्ये सात वर्षांत कचरा ३० टक्के कमी करायचं ठरवलं. अधिकारी रात्री-सकाळी गल्ल्यांत उभं राहून लोकांना समजावत होते. २००५ मध्येच आकडा गाठला. हे सगळं आमच्या आईबापांच्या हयातीतलं.

ओला_सुका
यावर मला बोलायलाच हवं, कारण मी या कामाच्या अगदी जवळ आहे. कोतोच्या लोकांसारखे आपले लोक म्हणजे देवगुराडियाचे. वर्षानुवर्षं आख्ख्या इंदूरचा कचरा त्यांच्या उशाशी पडत होता. उन्हाळ्यात आगी लागायच्या, धूर बायपासपर्यंत. तो डोंगर चाळून काढला, आता तिथे झाडं आहेत. शेजारीच ओल्या कचऱ्याचा गॅस करायचा प्रकल्प आहे, १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची क्षमता, आणि त्या गॅसवर शहरातल्या बसही धावतात. हा प्रकल्प चालतो तो इंदूरच्या बायका-पुरुषांनी घरात भाजीच्या देठात प्लास्टिक जाऊ दिलं नाही म्हणून. प्लास्टिक गेलं तर यंत्र बसतं. तेव्हा सांजताई, "आपलं काम दारापाशी संपतं" हे मला पूर्ण मान्य नाही. इंदूरच्या घरांनी जे केलं ते देशात फार थोड्या शहरांनी केलंय.

पण रात्रीचं तुम्ही म्हणता ते खरं. सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार मिटतो, शेवटचा गिऱ्हाईक हात पुसत निघतो, आणि राजवाड्यासमोर चमकणारी जाकिटं घातलेल्या बायका झाडायला लागतात. तोंडाला ओढणी बांधलेली, लांब दांड्याचा झाडू, एक पुढे एक मागे, धुळीची रांग करत करत. मी कधी त्यांच्याबरोबर उभा असतो. गाड्या काच खाली करून त्यांच्या पुढ्यातच द्रोण फेकतात. नुकत्याच झाडलेल्या जागेवर. त्या काही बोलत नाहीत, परत येऊन तो उचलतात. टोकियो स्टेशनवर बुलेट ट्रेन सात मिनिटांत साफ करणारी पथकं असतात, काम झालं की ती रांगेत उभी राहून प्रवाशांना वाकून नमस्कार करतात आणि प्रवासी थांबून त्यांना पाहतात. आपल्या बायकांकडे कोण थांबून पाहतं?

गराडू
ओला_सुका भिया, द्रोणाचं वाचून वाईट वाटलं. सराफ्यात खाऊन उभं राहणाऱ्यांतला मीही आहे, पण द्रोण डब्यात टाकतो आणि मित्रांनाही टाकायला लावतो. आजपासून गाडीतून फेकणाऱ्यालाही हटकणार.

लष्कर_ग्वाल्हेर
ग्वाल्हेरहून नमस्कार. इतका वेळ वाचतोय, पण एक शब्द कोणी उच्चारला नाही म्हणून लिहितो. जात. त्या चमकणाऱ्या जाकिटातल्या बायका कोणत्या समाजाच्या आहेत ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातही तेच. आपल्या देशात झाडू हातात घेणं हे काम नसून ओळख झाली आहे, आणि म्हणून सुशिक्षित माणूस आपली काडी खिशात ठेवायला लाजतो. जपानची तुलना करताना हा भाग वगळला तर तुलना अर्धीच.

योकोहामा_डायरी
दादा, बरोबर बोललात. आणि जपान यातून सुटलेला आहे असं समजू नका. चामड्याचं, मेलेल्या जनावरांचं काम करणाऱ्यांना इथेही शेकडो वर्षं गावाबाहेर ठेवलं होतं. १८७१ मध्ये कायद्याने तो भेद संपला, पण त्यानंतरही लग्नाच्या, नोकरीच्या वेळी घराण्याचा पत्ता काढून माणसं नाकारली गेली. इथेही हे कोणी मोठ्याने बोलत नाही. फरक एवढाच दिसतो, की झाडणं-पुसणं हे शाळेत सगळ्यांच्या वाट्याला आल्यामुळे त्या एका कामाला तो डाग राहिला नाही.

खडूफळा
शाळेचा विषय निघालाच आहे तर सांगते. मी इंदूरच्या एका शाळेत पाचवीला शिकवते. जपानचं वाचून मी शेवटच्या तासाची दहा मिनिटं वर्ग आवरायला ठेवली. बाकं सरळ, फळा पुसणं, खालचे कपटे उचलणं, एका गटाने झाडणं. मुलांना इतकं आवडलं की झाडूसाठी भांडणं. आठवडाभरात पालकांच्या ग्रुपवर निरोप: "आम्ही फी झाडू मारायला भरत नाही."

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. त्यांनी बंद करा म्हटलं नाही, पण एक प्रश्न विचारला, तो मला फार पटला: "गट कोण पाडतं?" आपल्याकडे कित्येक शाळांत झाडायला ठरावीक घरांतल्याच मुलांना उठवलं जायचं, अजूनही उठवतात. ग्वाल्हेरच्या दादांनी म्हटलं ते हेच. मग मी हजेरीच्या क्रमाने पाळ्या लावल्या, तक्ता भिंतीवर टांगला, आणि पहिल्या दिवशी पहिलं नाव माझं. डॉक्टरांचा मुलगा आणि शाळेच्या शिपाईकाकांची मुलगी एकाच दिवशी एकाच सुपलीत कचरा भरत होते. ज्या आईने तो निरोप टाकला होता त्यांना मी वर्गात बोलावून तक्ता दाखवला. त्या बराच वेळ तक्ता वाचत राहिल्या. मग "याची बुधवारी आहे का?" एवढंच विचारून गेल्या. उपक्रम चालू आहे.

रामबागकर
खडूफळा, तुझं मनापासून अभिनंदन. तक्त्याचा फोटो टाक (मुलांची नावं झाकून).

दांडियाबाजार
वडोदऱ्याहून. थोडं अवांतर लिहिते, पण सांजताई आसाकुसाला गेल्या होत्या म्हणून विचारते. तिथून जवळच सुमिदा नदीच्या काठी टेकाडावर गणपतीचं देऊळ आहे, मात्सुचियामा. गेलात का? भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर गणपती तिकडे पोहोचला. मूर्ती कोणाला दाखवत नाहीत, कायम झाकलेली. नैवेद्य मुळ्याचा! देवळात शिरताना भाजीसारखे पांढरे मुळे विकायला ठेवलेले, आपण दुर्वा घेतो तसे लोक मुळा विकत घेऊन वाहतात. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सवही असतो. आमच्या वडोदऱ्यात गणपतीला दहा दिवस मोठमोठे मंडप आणि ढोल, आणि तिथे बाप्पा पडद्यामागे गुपचूप. मी तिथे आरती म्हणावी की नाही या विचारात उभी राहिले आणि मग मनातल्या मनात म्हटली.

मालवी_सांज
दांडियाबाजार, नाही हो, राहिलं! सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या आता पुन्हा तिकीट काढा म्हणतायत. नाराला मात्र थोरल्या बुद्धापुढे त्यांना सांगितलं की ७५२ साली या मूर्तीचे डोळे उघडायचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला होता. त्या एकदम ताठ झाल्या आणि पुढच्या बाकावरच्या अनोळखी जपानी आजोबांना मराठीत ते सगळं सांगितलं. आजोबांनी संपूर्ण ऐकून घेतलं आणि वाकून नमस्कार केला.

गराडू
मुळ्याचा नैवेद्य? म्हणजे तिथल्या उंदराला मोदक मिळतच नाही? आई म्हणते उकडीचे नेऊन दे.

मालवी_सांज
चिमणबागदादांना एक सांगायचं राहिलं. क्योटोत बसमध्ये सासूबाईंची शाल राहिली. त्यांच्या आईची, काठ उसवलेला, बाजारात कोणी दहा रुपये देणार नाही अशी. हॉटेलच्या मुलीने फोन लावला. दुसऱ्या दिवशी डेपोवरून आणली. कागदी पिशवीत घडी केलेली, वर चिठ्ठी: बसचा क्रमांक, वेळ, कुठल्या सीटवर सापडली. तिथे सापडलेली वस्तू पोलिसांकडे जाते आणि तीन महिने कोणी नेली नाही तर सापडवणाऱ्याला मिळू शकते, असा कायदा आहे. मला त्या घडीत आपुलकी दिसली. ती बोलत नाही एवढंच.

चिमणबाग
सांजताई, शालीचं वाचून छान वाटलं, खरंच. पण आमच्या आत्याची पर्स विजय नगरला रिक्षात राहिली होती, रिक्षावाला आतल्या चिठ्ठीवरचा पत्ता शोधत घरी आला, आणि चहा घेतल्याशिवाय त्याला कोणी जाऊ दिलं नाही. कायदा नव्हता, चिठ्ठी नव्हती. आणि रात्री दोन वाजता कोण येतं ते मी सांगितलंच आहे. माझं म्हणणं कायम आहे. इथलं जे आहे ते हलकं समजू नका. पाळी, तक्ता हे मात्र मला पटतंय, योकोहामाताईंनी लिहिल्यापासून. पाळीने माणसं एकमेकांच्या दारात जातात.

तिसरी_घंटा
मंडळी, मूळ प्रश्न काय टिकलं हा होता. माझं उत्तर: लेकाकडून सिंगापूरहून आल्यापासून पर्समध्ये कचऱ्याची छोटी पिशवी. मैत्रिणी आता आपलाही कचरा मलाच देतात!

मालवी_सांज
परत मुद्द्यावर आणल्याबद्दल आभार. आमच्या घरी एक बदललंय, जेवल्यावर आपलं ताट आपण धुवायचं. नवरा, लेक, पाहुणे, सगळे. आणि यावरूनच आमच्या कॉलनीच्या गणपतीचं डोक्यात आलंय. महाप्रसादाला दरवर्षी शेकडो थर्माकोलच्या, मग कागदाच्या पत्रावळी. यंदा स्टीलची ताटं भाड्याने आणायची आणि ज्याने त्याने धुवून ठेवायची, असं बैठकीत मांडणार आहे. कसं वाटतं?

खडूफळा
ताई, कल्पना सुंदर. एकच भीती: "ज्याने त्याने" म्हणता म्हणता शेवटी नळापाशी आठ-दहा बायकाच उरतील, पुरुष मंडपात ध्वनिक्षेपक सांभाळतील. पाळ्या लावा, नावानिशी.

योकोहामा_डायरी
शंभर टक्के. इथेही पाळी कागदावर "घराची" असते, खाली झाडू घेऊन दिसते ती बहुतेक वेळा बायको किंवा निवृत्त माणूस. तक्त्यावर माणसाचं नाव लिहा, घर क्रमांक लिहू नका.

ओला_सुका
तीन टब ठेवा: पहिल्यात उष्टं खरवडून, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात साधं पाणी. उष्टं आधी वेगळं काढलंत तर पाणी निम्मं लागेल आणि गटार तुंबणार नाही. उष्ट्याचा डबा सकाळच्या गाडीला ओल्यात जाईल. नळाखाली एकेक ताट धुवू देऊ नका, टाकी तासाभरात रिकामी होईल.

मालवी_सांज
बैठक झाली. दीड तास चालली. दोन घरांनी "देवाच्या प्रसादाला आलेल्या पाहुण्याला भांडी घासायला लावणं शोभत नाही" म्हणून विरोध केला, त्यांचं म्हणणंही मी समजू शकते. पाहुण्यांची ताटं आपण घासायची असं ठरलं. पाळीचा तक्ता झालाय: दर अर्ध्या तासाला तीन पुरुष, तीन बायका, नावानिशी. त्या रात्री मंडपाबाहेरचा रस्ताही आपणच झाडायचा, म्हणजे रात्रपाळीच्या बायका येतील तेव्हा आमच्या गल्लीत त्यांना काम उरणार नाही. त्यांना जेवायला बोलावलंय, आमच्याच पंगतीत. शेवटची पाळी अजून रिकामी आहे, रात्री साडेदहाची, कोणी घेत नाही.

रामबागकर
आमचं घर तुमच्या मागच्याच गल्लीत आहे. साडेदहाच्या पाळीत माझं नाव लिही. उभ्याने जमणार नाही, एक स्टूल ठेव.

चिमणबाग
दुसरं माझं लिहा. बाबाही येतो म्हणतायत, ते पुसून रचायला बसतील. ताटं परत कुठे पोहोचवायची ते आधीच विचारून ठेवा, भांडीवाले अकरानंतर दुकान उघडत नाहीत.